व्हेटचं बिल: पैसे कुठे जातात, कुठे वाचतात आणि कुठे वाचवायला जाऊ नये

आमचा बोका एका संध्याकाळी सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसत होता, जोर लावत होता, मधेच ओरडत होता, आणि मी काय ठरवलं तर बद्धकोष्ठता झालीय, सकाळपर्यंत होईल मोकळा. सकाळी तो पलंगाखाली आडवा पडलेला आणि शेजारी उलटी. बद्धकोष्ठता नव्हतीच, लघवी तुंबली होती. नर मांजराची मूत्रनळी टोकाशी इतकी अरुंद असते की बारीक खडे नाहीतर चिकट गाळ तिथे बूच बसल्यासारखा अडकतो, मागे लघवी साचते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं, आणि हे सगळं एक-दोन दिवसांत. संध्याकाळीच नेलं असतं तर भूल देऊन नळी घालणे आणि थोडे दिवस देखरेख एवढ्यावर निभावलं असतं. सकाळी नेल्यावर आधी हृदय सांभाळायची औषधं, मग नळी, मग दिवसातून दोनदा रक्त तपासणी, सलाईन, आणि चार दिवस ॲडमिट. बोका वाचला. बिल मात्र माझ्या त्या एका रात्रीच्या झोपेचं होतं असंच मी आजही धरतो.

म्हणून व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, महाग आहेत का या प्रश्नाला माझं उत्तर हे की बिल किती होणार हे बऱ्याच वेळा डॉक्टर ठरवत नाहीत, आपण कोणत्या दिवशी दारात उभे राहतो त्यावर ठरतं. आणि दुसरं म्हणजे पैशाचं बोलणं आपण शेवटी काउंटरवर करतो, ते सुरुवातीला टेबलावर करायला हवं. या दोन गोष्टी प्रत्यक्षात कशा करायच्या ते खाली सांगतोय. कुत्रा-मांजराचं जास्त येईल कारण तेच पाळलेत, पण ससे आणि पक्षीवाल्यांसाठीही एकदोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत.

पहिली पायरी: बिल वाचायला शिका

बिलात साधारण काय असतं तर तपासणी फी, टेस्ट (रक्त, लघवी, शी, एक्स-रे, सोनोग्राफी), प्रोसिजर म्हणजे टाके, नळी, ऑपरेशन वगैरे, भूल, औषधं, आणि ठेवून घेतलं असेल तर दिवसाप्रमाणे चार्ज. यात लोक सगळ्यात जास्त चिडतात ते टेस्टवर. आम्ही उलटी होतेय म्हणून आलो आणि यांनी रक्त काढलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी काढली, आणि शेवटी सांगतात काही विशेष नाही. पण विचार करा, समोरचा पेशंट बोलत नाही. उलटी पोटात अडकलेल्या मोज्यामुळे होते, किडनी गेल्यामुळे होते, स्वादुपिंडाला सूज आल्यामुळे होते, पार्व्हो नावाच्या विषाणूमुळे होते आणि नुसतं कचऱ्यातलं काहीतरी खाल्ल्यामुळेही होते, आणि बाहेरून ही पाचही कुत्री सारखीच दिसतात. आपल्या डॉक्टरला आपण सांगतो की इथे दुखतंय, कालपासून दुखतंय, जेवल्यावर दुखतंय. ते सगळं इथे मशीनने विचारावं लागतं, त्याचे पैसे.

दुसरं असं की माणसाच्या हॉस्पिटलचा खरा खर्च आपल्याला बऱ्याचदा दिसतच नाही, काही सरकार भरतं, काही विमा भरतो. व्हेटकडे पडदाच नसतो. एक्स-रे मशीन, भुलीचं मशीन, मॉनिटर, ऑक्सिजन हे सगळं साधारण त्याच जातीचं असतं, वर त्याच एका जागेत लॅब, औषधाचं दुकान, ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड पण चालवायचा. आणि रात्री उघडं ठेवायचं तर पेशंट येवो न येवो, माणसं जागी ठेवावीच लागतात, म्हणून रात्रीची फी जास्त.

याचा अर्थ प्रत्येक बिल बरोबरच असतं असं नाही. आयटमवाइज बिल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. न झालेली टेस्ट लागलेली, एकच इंजेक्शन दोनदा लागलेलं हे मी स्वतः पाहिलंय, आणि दाखवल्यावर लगेच कमी करूनही दिलं, गडबडीत होतं तसं.

दुसरी पायरी: ठणठणीत असताना करायची कामं

हा भाग कंटाळवाणा आहे पण खरी बचत इथेच आहे.

लसी आधी. पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून सुरुवात करून दर २ ते ४ आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. लोकांना वाटतं तीच लस तीनतीनदा देऊन पैसे काढतात. तसं नाहीये. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिकारशक्ती मिळते आणि ती असेपर्यंत ती लसीलाच निकामी करते, आणि ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कोणाची ८ व्या आठवड्यात, कोणाची १५ व्या. म्हणून थोड्या थोड्या अंतराने डोस द्यायचे, म्हणजे ती संपली की पुढचा डोस लागू होतोच. शेवटचा डोस चुकवला तर आधीचे सगळे पैसे पाण्यात जाऊ शकतात हे यातलं कळीचं. नंतर वर्षाच्या आत एक बूस्टर, पुढे मुख्य लसींपैकी काही तीन वर्षांनी चालतात, लेप्टोस्पायरोसिसची दरवर्षी लागते, आणि रेबीजचं तुमच्या भागातला कायदा आणि लसीचा प्रकार बघून. दरवर्षी सगळंच टोचायची गरज नसते, त्यामुळे "यातली कोणती यावर्षी खरंच लागतेय" हे विचारा. पार्व्हो झालेल्या पिल्लाला वाचवायचं म्हणजे आयसोलेशनमध्ये कितीतरी दिवस सलाईन, उलटीची औषधं, अँटिबायोटिक, आणि तरी खात्री नाही. त्यापुढे लसींचा खर्च म्हणजे काहीच नाही.

नसबंदीचं पण तेच गणित. न केलेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. कधी पू बाहेर येतो, कधी तोंड बंद असल्यामुळे काहीच दिसत नाही, नुसती खूप पाणी पिते, खात नाही, मलूल होते. तेव्हाही ऑपरेशन साधारण तेच, गर्भाशय काढायचं, फक्त आता ते तापलेल्या, विष भिनलेल्या जनावरावर करायचं, बहुतेक वेळा घाईत. तेच ऑपरेशन कितीतरी जास्त पैशात आणि जास्त धोक्यात. वय कुठलं हे मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवा, मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये सांध्यांचा विचार करून थोडं थांबायला सांगतात.

मग वजन. हे फुकट आहे आणि कोणी करत नाही. बाथरूममधल्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग मांजर घेऊन, वजाबाकी करा, महिन्यातून एकदा लिहून ठेवा. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम कमी झालं तर डोळ्याला दिसत नाही, पण तो १० टक्के आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे ७ किलो गेल्यासारखं. घरचा काटा इतका बारीक नसतो हे खरं, म्हणून शक्य असेल तर क्लिनिकच्या काट्यावर करा, बऱ्याच ठिकाणी नुसतं वजन करायला पैसे घेत नाहीत.

वर्षातून एकदा तपासणी, आणि साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे सहा महिन्यांनी, सोबत रक्त आणि लघवी. लघवी मुद्दाम म्हणतोय. किडनीची साधारण तीन चतुर्थांश ताकद गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वर जात नाही, पण लघवी पातळ व्हायला लागते ती त्याआधी, त्यामुळे ही स्वस्तातली टेस्ट बऱ्याचदा आधी ओरडते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पैसे वाया गेले असं वाटतं ना, तो रिपोर्ट जपून ठेवा, उद्या आजारी पडल्यावर तुलना करायला तोच लागतो.

जंत, पिसवा, गोचीड यांचं औषध वेळेवर द्या, इतकंच. गोचिडांतून एर्लिकिया आणि बेबेसियासारखे रक्ताचे आजार येतात, ते बरे करण्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. एक धोका फक्त: कुत्र्याचं परमेथ्रिनवालं मानेवर टाकायचं औषध "थोडंसंच" म्हणून मांजराला टाकू नका, मांजराला त्याने झटके येतात. उरलेलं औषध वापरून वाचवलेले पैसे हे असे वसूल होतात.

तिसरी पायरी: कधी धावत जायचं आणि कधी थांबलं तरी चालतं

प्रत्येक शिंकेला व्हेटकडे पळालात तरी पैसे जातात आणि नको तिथे थांबलात तरी जातात, म्हणून हा फरक कळायला हवा. घरी चार गोष्टी बघता येतात.

श्वास. झोपलेला असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. ३० च्या आत पाहिजे. हृदयाचा त्रास असलेल्या जनावरात हा आकडा बऱ्याचदा सगळ्यात आधी वाढतो. हिरड्या. गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. पांढऱ्याफट्ट, निळसर किंवा पिवळ्या दिसल्या तर थांबू नका. ताप. कुत्रा-मांजराचं नॉर्मलच साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, त्यामुळे अंग गरम लागलं यावर जाऊ नका, आणि नाक ओलं का कोरडं यावर तर अजिबातच जाऊ नका, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. आणि चौथं, खाणं-पिणं-शी-लघवी यात कालच्यापेक्षा काय बदललं.

आता लगेच, म्हणजे रात्री दोन वाजता सुद्धा, जायच्या गोष्टी. नर मांजर लघवीला बसतंय आणि येत नाहीये. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि तो उलटीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, यात पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि हिशोब तासांचा असतो. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय (कुत्र्यात हे नेहमीचं, मांजरात जवळपास कधीच नाही). झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त किंवा एकामागून एक. मागचे पाय एकदम गेले. डोळ्याला मार, किंवा डोळा उघडतच नाही. उष्माघात, त्यात मात्र आधी भरपूर साधं पाणी ओतून पंख्याखाली थंड करा आणि मग गाडीत घाला, नुसतं पळत सुटू नका. विष खाल्ल्याचा संशय. गाडीचा धक्का लागला असेल तर उठून चालायला लागला तरी न्या, आतलं रक्त बाहेरून दिसत नाही.

एकदोन दिवस वाट बघितली तरी चालेल असं म्हणजे एखादीच उलटी, थोडे पातळ जुलाब पण खेळतोय, खातोय, पाणी टिकतंय. किंवा थोडासा लंगडतोय पण पाय टेकवतोय. पिल्लू, म्हातारं किंवा आधीचा आजार असलेलं जनावर असेल तर ही सूट नाही.

न खाण्याबद्दल वेगळं सांगतो कारण इथे प्राण्याप्राण्यात फरक आहे. तब्येतीने ठीक असलेला मोठा कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आभाळ कोसळत नाही. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोनतीन दिवस नीट खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचून नवीनच आजार उभा राहतो, त्यामुळे पूर्ण एक दिवस उपाशी राहिलं की फोन करा. ससा १०-१२ तास खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल तर ती इमर्जन्सी आहे, त्याचं आतडं बंद पडत असतं. आणि पक्षी तर आजार लपवण्यात एक नंबर, पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला म्हणजे आधीच उशीर झालाय असं समजून निघा.

चौथी पायरी: महाग पडणारी बचत

घरातली औषधपेटी हा माझ्या मते सगळ्यात महागडा डॉक्टर. पॅरासिटामॉल मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, कारण ते पचवून बाहेर टाकायचं काम त्यांचं लिव्हर नीट करू शकत नाही आणि रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबवतं. आयबुप्रोफेन कुत्रा-मांजर दोघांच्या पोटात अल्सर करतं आणि किडनीवर जातं. मागच्या वेळचे डोळ्याचे ड्रॉप्स, त्यात स्टिरॉइड असेल आणि या वेळी बुबुळावर ओरखडा असेल, तर दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो. कानाचे जुने ड्रॉप्स घालायचे तर आतला पडदा फाटलेला असेल का हे बघितल्याशिवाय नाही, शिवाय यीस्ट, बॅक्टेरिया आणि किडे तिन्हींनी कान सारखाच घाण दिसतो आणि तिन्हींचं औषध वेगळं. यातली गंमत म्हणजे कानातली घाण काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट अगदी स्वस्तातल्यांपैकी एक आहे. तीच टाळून लोक तीन वेगवेगळे ड्रॉप्स विकत घेतात.

चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल, हे कुत्र्यांसाठी विष. झायलिटॉलने अर्ध्या तासात साखर धाडकन उतरू शकते. लिली जातीची फुलं घरात असतील आणि मांजर असेल तर फुलं बाहेर, कारण नुसता पराग अंगावरून चाटला तरी किडनी जाते. असं काही खाल्लं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. पहिल्या तासा-दोन तासात डॉक्टर उलटी करवून बरंचसं बाहेर काढतात आणि बऱ्याचदा तिथेच काम संपतं, नंतर गेलात तर ॲडमिट. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, मिठानेच मेंदूला इजा होऊ शकते. पाकीट सोबत न्या, किती खाल्लं आणि किती वाजता हे सांगा.

अजून एक, भूल न देता दात साफ करून देणारे. मुळाशी, हिरडीच्या खाली जो रोग असतो तो जागेपणी ना दिसतो ना साफ होतो, वरचं पिवळं खरवडून दात चमकतात आणि आत सडत राहतं. पैसे दोनदा जातात.

पाचवी पायरी: जाताना तयारी

तपासणीची वेळ थोडी असते आणि तिची फी तुम्ही देताय, ती आठवण्यात घालवू नका. एका कागदावर लिहा की कधीपासून, किती वेळा, काय खाल्लं, कोणती औषधं चालू आहेत. त्याहून उत्तम म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ. खोकला, झटके, लंगडणं हे क्लिनिकमध्ये गेलं की गायब होतं, हा त्यांचा जुना धंदा, आणि २० सेकंदांचा व्हिडिओ कधीकधी एखादी महागडी टेस्ट वाचवतो. शीचं ताजं सॅम्पल डबीत न्या. जुने रिपोर्ट न्या, नाहीतर त्याच टेस्ट परत होतात. भूल द्यायची शक्यता असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते आधी फोन करून विचारा, मोठ्यांना साधारण ६ ते ८ तास सांगतात पण छोट्या पिल्लांना तेवढं ठेवायचं नसतं. आणि मांजर बास्केटमध्ये न्या, बास्केट चार दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा म्हणजे ती छळाची पेटी वाटत नाही. फारच घाबरत असेल तर घरून निघायच्या आधी द्यायची शांत करणारी गोळी असते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण घाबरून चवताळलेल्या मांजराला भूल देऊन तपासावं लागलं तर ती भूल पण बिलात येते.

सहावी पायरी: टेबलावरचं बोलणं

आपल्याला पैशाचं बोलायची लाज वाटते, आपलं प्रेम कमी आहे असं डॉक्टरांना वाटेल असं वाटतं. मग आपण सगळ्याला हो हो म्हणतो आणि घरी येऊन चिडतो. त्यापेक्षा तपासणी झाल्यावर सरळ सांगा, "डॉक्टर, माझं बजेट साधारण एवढं आहे, त्यात सगळ्यात उपयोगाचं काय करता येईल?" या एका वाक्याने पुढचं सगळं बदलतं. कारण बहुतेक आजारांना एकच रस्ता नसतो. एक असतो सगळ्या टेस्ट करून नेमकं निदान करायचा, दुसरा असतो सगळ्यात जास्त शक्यता कशाची आहे ते धरून उपचार सुरू करायचा आणि दोन दिवसांत बघायचं. दुसरा रस्ता म्हणजे वाईट डॉक्टरी नाही, पण त्यात काय जोखीम आहे ते तुम्हाला कळलेलं असायला हवं.

प्रत्येक टेस्टला एक प्रश्न विचारा: याचा रिपोर्ट असा आला किंवा तसा आला तर उपचारात काय बदलेल? उत्तर "काही नाही" असेल तर ती टेस्ट नंतर करता येईल. उत्तर "मग ऑपरेशन लागेल" असेल तर तीच सगळ्यात आधी करा. गाठ आहे, समजा. सुई घालून पेशी बघायची टेस्ट थोडक्यात होते, बहुतेक वेळा भूलही लागत नाही, आणि ती नुसती चरबीची गाठ निघाली तर तिथेच विषय संपतो. "लक्ष ठेवू" म्हणून सहा महिने नुसतं लक्ष ठेवणं आणि मग ती वेगळीच निघणं, हा प्रकार मी एका ओळखीच्या घरात बघितलाय.

एस्टिमेट लेखी घ्या आणि कमीत कमी ते जास्तीत जास्त असे दोन आकडे घ्या. विचारा की यात काय धरलेलं नाही, नंतरच्या ड्रेसिंग, टाके काढणं, परत दाखवायला येणं, गाठ लॅबला पाठवणं हे बऱ्याचदा बाहेर असतं. एस्टिमेटच्या वर जायची वेळ आली तर आधी फोन करा असं सांगून ठेवा, आणि मग फोन उचला. ॲडमिट करताना डिपॉझिट मागतात, ते नेहमीचं आहे, त्यात अपमान नाही.

औषधं बाहेर स्वस्त मिळत असतील तर चिठ्ठी लिहून मागा. माणसाच्या दुकानातलं औषध घ्यायला डॉक्टरांनीच सांगितलं असेल तर ठीक, पण स्वतःहून बदली करू नका, गोळीऐवजी पातळ औषध घेतलंत तर काही पातळ औषधांमध्ये गोडीसाठी झायलिटॉलच असतं, आणि ते वर सांगितलंच. अँटिबायोटिक अर्ध्यात सोडायचं असेल तर न विचारता सोडू नका.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर मोठ्या ऑपरेशनच्या आधी जरूर घ्या, इमर्जन्सीत नको. आणि जाताना रिपोर्ट व एक्स-रेच्या कॉपी मागून घ्या.

भुलीची भीती, आणि एक आकडेवारी

भूल म्हटलं की लोक थांबतात, म्हातारा आहे, सहन होईल का. ब्रिटनमध्ये जवळजवळ ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरांचा एक मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापला गेला. त्यात भुलीमुळे किंवा भुलीनंतर ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण निरोगी कुत्र्यांमध्ये सुमारे ०.०५ टक्के आणि निरोगी मांजरांमध्ये सुमारे ०.११ टक्के होतं. आजारी असलेल्यांमध्ये तेच कुत्र्यांत १.३३ आणि मांजरांत १.४० टक्के. म्हणजे मांजरात बारातेरा पट आणि कुत्र्यात पंचवीस पटीहून जास्त फरक. आता दात सडेपर्यंत, गाठ फुटेपर्यंत, गर्भाशयात पू होईपर्यंत भुलीच्या भीतीने थांबणारे आपण नेमके कुठल्या आकड्याकडे चाललेलो असतो ते बघा. विचारायचे प्रश्न दोनच: आधी रक्त तपासणी होणार का, आणि ऑपरेशन चालू असताना मॉनिटरवर लक्ष ठेवायला वेगळं माणूस असणार का. ज्या एस्टिमेटमध्ये हे दोन्ही नाही ते स्वस्त असणारच.

सातवी पायरी: पैसे कुठून आणायचे

विमा घ्यायचा असेल तर जनावर लहान आणि निरोगी असतानाच, कारण आधीपासून असलेला आजार जवळपास कुठलीच पॉलिसी धरत नाही, आणि "आधीपासून" मध्ये दोन वर्षांपूर्वी एकदा कान खाजवत होता ही नोंद पण येऊ शकते. पॉलिसी घेताना वेटिंग पीरियड किती, दरवेळी आपल्या खिशातून आधी किती जाणार, उरलेल्याचे किती टक्के मिळणार, वर्षाची कमाल मर्यादा किती, वय वाढलं की हप्ता किती वाढतो, आणि तुमच्या जातीचे नेहमीचे आजार वगळलेत का, हे बघा. बहुतेक ठिकाणी आधी आपण भरायचं आणि मग क्लेम करायचा असतो, त्यामुळे विमा असला तरी त्या रात्री हातात पैसे लागतातच.

विमा नको असेल तर वेगळं खातं काढून दर महिन्याला हप्त्याएवढीच रक्कम त्यात टाका आणि हात लावू नका. याची अडचण एकच, सहाव्या महिन्यातच पाय मोडला तर खात्यात सहाच महिन्यांचे पैसे असतात. मी दोन्ही केलंय, आणि तरण्या उडाणटप्पू कुत्र्याला विमा आणि घरात बसणाऱ्या शांत मांजराला खातं असं माझं मत झालंय, पण ते माझं.

आणि पैसे खरंच नसतील तर लपवू नका, गायब होऊ नका. पशुवैद्यकीय कॉलेजांच्या दवाखान्यात कमी पैशात चांगली तपासणी होते, वेळ जास्त जातो एवढंच. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था लसीकरण आणि नसबंदीचे कमी दरातले कॅम्प घेतात. काही क्लिनिक हप्ते पाडून देतात, पण ते ओळखीच्या, नियमित येणाऱ्या माणसाला, म्हणून एकच डॉक्टर धरून ठेवायचा हाही फायदा.

शेवटचं, जे कोणी आधी विचारत नाही

कधीतरी उपचाराचा खर्च आणि उपचाराचा उपयोग यांची सांगड बसत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारा, "हा तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?" आणि "यातून याला किती चांगले दिवस मिळतील?" दिवस नाही, चांगले दिवस. घरी एका कॅलेंडरवर रोज एक खूण करा, आज खाल्लं का, आपणहून उठला का, आवडीचं काही केलं का. वाईट खुणा चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागल्या की तुम्हालाच दिसतं. वेदनामुक्त मरण द्यायचं ठरलं तर साधारण आधी झोपेचं इंजेक्शन देतात, तो गाढ झोपला की मग भुलीच्याच औषधाचा मोठा डोस, एकदोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, हे आधी माहीत असलेलं बरं. काही डॉक्टर घरी येऊन करतात, त्याचे थोडे जास्त लागतात. आणि क्लिनिकमध्येच करणार असाल तर बिल आदल्या दिवशी भरून टाका, रिकामा पट्टा हातात घेऊन काउंटरच्या रांगेत उभं राहायला लागू नये.